शेवटच्या प्रकरणाचा मान

गेल्या महिन्यात मी तीन रहस्यकादंबऱ्या वाचल्या आणि तिन्हींनी शेवटी माझा विरस केला. पहिलीत ज्याचा खून झाला तो मेलेलाच नव्हता. दुसरीत खुनी निघाला जुळा भाऊ, ज्याचा आधी कुठल्याच पानावर उल्लेख नाही. तिसरी जरा बरी चालली होती, पण शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरसाहेबांनी कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं आणि खुन्याचा फोटो पडद्यावर आला. मग आम्ही वाचकांनी इतके दिवस डोकं कशाला शिणवलं? मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि चहा टाकायला उठले. या वयात एवढा राग बरा नव्हे, असं माझी मुलगी म्हणते. मी कोणाच्या हाताखाली तयार झालेली वाचक आहे, ते तिला पुरतं ठाऊक नाही.

सुरुवात काय, कोणालाही करता येते. पहाटे माळ्याला बागेत प्रेत सापडलं, की झाली सुरुवात. खरा कस लागतो तो शेवटाला, आणि तिथे भल्याभल्यांची त्रेधा उडते. मी ऐकलेले सगळ्यात चांगले शेवट कुठल्या लेखकाचे नव्हते. ते भिवंडीत, माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले होते, आणि त्यांची हकीकत सांगायची तर ऐंशीच्या दशकापासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर पेणचं. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसपाळी, रातपाळी, लूम चालूच. खटखट, खटखट, खटखट. ताटातलं वरणसुद्धा हलायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपल्याला वेड लागणार. मग शुक्रवार आला. शुक्रवार म्हणजे सुटीचा वार, भिवंडीतले सगळे लूम बंद. त्या दुपारी इतकी शांतता झाली, की मला झोपच लागेना. नंतर मीही पक्की भिवंडीकर झाले. माहेरी गेले की आई म्हणायची, ‘अगं, ओरडतेस कशाला? मी इथेच आहे.’

सासूबाई भिवंडीजवळच्याच पूर्ण्याच्या. तेव्हा पूर्ण्याला गोदामं नव्हती, भातशेती होती आणि खाडीची मासळी. त्या चौथी शिकलेल्या. पण सासऱ्यांना रहस्यकथांची मासिकं आणायचा नाद होता, आणि तो नाद ते जाताना बायकोला देऊन गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई एकीकडे भाकरी थापत आणि दुसरीकडे पाटाशेजारी उघडं ठेवलेलं पुस्तक वाचत. पान उलटायला पिठाचं बोट लागायचं. वाचनालयाचा मालक पुस्तक परत घेताना फुंकर मारून पीठ उडवायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे पुस्तकं आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं.

पुढे त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. अक्षरं पुसट झाली. ‘मोतीबिंदू येतोय,’ त्या म्हणाल्या, ‘पिकला की काढू.’ तेव्हा सगळे तसंच म्हणत. मोतीबिंदू म्हणजे आंबा, पिकल्याशिवाय उतरवायचा नाही. तोवर वाचून कोण दाखवणार? सून आहे की. मग मी मोठ्यांदा वाचायला लागले. पण लूम चालू असताना वाचणं म्हणजे घसा फोडून घेणं, म्हणून वाचन ठरलं ते शुक्रवारचं. माझी शाळा सकाळची, दुपारी मी मोकळी. दुपारच्या चहानंतर सुरुवात व्हायची, संध्याकाळी आमचे हे कोर्टातून यायचे, भाऊजी राहनाळच्या ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसातून यायचे, आणि जेवणं होईपर्यंत पुस्तक संपत आलेलं असायचं.

संपत आलेलं म्हणतेय, संपलेलं नाही. कारण सासूबाईंनी पहिल्याच शुक्रवारी बजावून ठेवलं होतं, ‘शेवटचं प्रकरण मी वाचीन. सोताच्या डोळ्यांनी. तेवढा माझा मान हाय.’ लग्नात जसा मामाचा मान, विहीणबाईंचा मान, तसा आमच्या घरात शेवटच्या प्रकरणाचा मान सासूचा. मी शेवटून दुसरं प्रकरण वाचून पुस्तक मिटायचं आणि त्यांच्या हातात द्यायचं. त्या ते तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. आठवडाभरात कधीतरी, आम्ही सगळे कामावर गेल्यावर, खिडकीशी उजेडात बसून भिंगाने ते प्रकरण वाचायच्या. पुढच्या शुक्रवारी रात्री, सगळे घरी आल्यावर, पदर सारखा करून, मांडी घालून, आम्हाला शेवट सांगायच्या. ते पुस्तक परत केल्यावरच नवीन आणायचं. मधल्या दिवसांत डब्याला हात लावणाऱ्याची खैर नव्हती. भाऊजींनी एकदा प्रयत्न केला, तेव्हा त्या त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता वाटतं, त्या मधल्या दिवसांतच खरी मजा होती. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, लूमच्या खटखटीवर आवाज चढवून आम्ही खुनी शोधायचो. ‘तो वकील असेल का?’ मी ओट्यापाशी ओरडायची. ‘वकील न्हाय,’ सासूबाई मोरीतून ओरडायच्या, ‘त्याला पहिल्यापासनं वाईट दाखवलाय. ज्याला वाईट दाखवतात तो कधीच नसतो.’ गल्लीतून जाणाऱ्याला वाटत असेल, या घरात काय चाललंय.

आमच्या घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आमचे हे कोर्टात कारकून, त्यामुळे त्यांना कुठलीच कादंबरी पटायची नाही. ‘गुप्तहेराने खुनी पकडला, ठीक आहे,’ ते म्हणायचे, ‘पण पुढची तारीख कधीची पडली ते लिहा ना. केस उभी राहीपर्यंत गुप्तहेराचे दात पडतील.’ भाऊजींचं दुखणं निराळं. प्रत्येक पुस्तकात पहिला संशय ड्रायव्हरवर. त्यांचं सगळं आयुष्य ड्रायव्हरांबरोबर चाललेलं, त्यामुळे ते चिडायचे. ‘ड्रायव्हरला खून करायला टाइम कुठे आहे? बिचारा वडप्याच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलाय.’

पण शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्यांची मतं मला अजून पाठ आहेत. दुधात विष घालून खून केला, असं आलं की त्या मान हलवायच्या. काहीही घातलं तरी दूध नासतं, आणि ज्या बाईला नासलेलं दूध कळत नाही ती बाईच नव्हे. मृत्युपत्रासाठी खून पडला तर हसायच्या. ‘आपल्या सातबाऱ्यावर सोळा नावं हायेत. कोनाकोनाला मारशील?’ दिवसभर सिगारेट ओढणारा आणि वेळेवर न जेवणारा गुप्तहेर त्यांना आवडायचा नाही, उपाशी माणसाचं डोकं चालत नाही म्हणून. एकदा एका कादंबरीत बंगल्यातून किंकाळी ऐकू येते आणि शेजारी धावत येतात, असं होतं. सासूबाईंनी मला थांबवलं. ‘ह्यो लेखक आपल्याकडं पाठव. हितं खून पडला तर शेजारी शुक्रवारीच येईल.’ आम्ही पोट धरून हसलो.

आणि त्यांचा मुख्य नियम असा: खुनी घरात जेवलेला असला पाहिजे. ‘रस्त्यावरचा मानूस येऊन कशाला मारील गो? ज्यानं त्या घरचं मीठ खाल्लंय, त्योच मारतो. आनि लेखकानं त्याला पंगतीत बसलेला दाखवला पायजे. न्हायतर ती लबाडी.’ पुढे मी रहस्यकथांवर पुष्कळ विद्वानांचं वाचलं. एवढ्या थोडक्यात कोणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी झाली, शाळेत जायला लागली. नव्वद साल उलटलं. पुस्तकं पूर्वीइतकी चांगली येत नव्हती, मधली प्रकरणं वाचताना मलाच जांभया यायच्या. पण शेवट मात्र दिवसेंदिवस सुधारत चालले होते. शुक्रवारी सासूबाई सांगायला बसल्या की आमच्या अंगावर काटा यायचा. खुनी असा निघायचा की आपण कपाळावर हात मारावा: अरे, हा तर पहिल्यापासून समोरच होता. आणि सासूबाईंचे खुनी रडायचे. का मारलं ते सांगायचे. ऐकताना त्यांची कीव यायची. मी वाचनालयाच्या मालकाला म्हणालेसुद्धा, ‘या लेखकाची सुरुवात रटाळ असते, पण शेवट लिहावा तर यानेच.’ तो जरा चकित होऊन म्हणाला, ‘असं? बाकीचे लोक उलट सांगतात, ताई.’ मी मनात म्हटलं, लोकांना काय कळतंय.

एका शुक्रवारी त्यांनी असाच एक शेवट सांगितला. गोष्ट एका सावकाराच्या खुनाची होती. घरात भाऊ, भाचा, मुनीम, स्वयंपाकीणबाई अशी माणसं. सासूबाईंनी सांगितलं, खुनी ती स्वयंपाकीण. तिची मुलगी त्या घरात मोलकरीण म्हणून आली आणि तापाने फणफणून गेली, सावकाराने डॉक्टर आणला नाही. बाईने त्याच घरात वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या आणि एके दिवशी हिशेब पुरा केला. गुप्तहेराला सगळं कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘आधी जेवून घ्या, मग मला न्या.’ आमचे हे ताटावरून उठायचं विसरले. मीही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पुस्तक परत करायला गेले. वाचनालयाच्या मालकाने ते हातात घेतलं आणि जीभ चावली. ‘ताई, माफ करा हां. ही प्रत तुमच्याकडे गेली होय? अहो, बाइंडिंगवाल्याने घोळ घातलाय. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, दुसऱ्याच पुस्तकाची लागलीयत. दोघंजण भांडून गेले माझ्याशी. तुम्ही काही बोलला कशा नाहीत?’

मी पुस्तक उघडलं. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, तिथे शेवटून दुसरं प्रकरण संपत होतं. पान उलटलं. ‘कैरीचा छुंदा. साहित्य: कैऱ्या, साखर, मीठ, लाल तिखट.’ पुढच्या पानावर लिंबाचं गोड लोणचं. त्याच्या पुढे आवळ्याचा मुरांबा. शेवटपर्यंत लोणचीच.

आधी मला हसू आलं. मग हसू जागच्या जागी थिजलं. हे प्रकरण सासूबाईंनी काल मांडी घालून सांगितलं होतं. सावकार, पोळ्या, तापाने गेलेली पोर, आधी जेवून घ्या.

मालकाने दुसरी प्रत आणून दिली. मी उभ्याउभ्या शेवट वाचला. खुनी होता सावकाराचा आफ्रिकेतून परत आलेला सावत्र भाऊ, जो त्याच प्रकरणात पहिल्यांदा येतो. पुस्तक मिटलं आणि घराकडे चालायला लागले. वाटेत कोणाशी बोलले, काय बोलले, आठवत नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: आईंना दिसत नाही. शेवटचं प्रकरण वाचण्याएवढंही दिसत नाही, आणि कधीपासून, ते देव जाणे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही खोटं नाही. आम्ही घरभर गुप्तहेर. बंगल्यातल्या राखेवरून खुनी ओळखणारे. आणि सासूबाई गेलं वर्षभर उजव्या बाजूच्या चौकटीला खांदा घासत होत्या, ते कोणाला दिसलं नाही. वाटीत आमटी वाढताना बोट बुडवून बघायच्या, आम्हाला वाटायचं चव बघतात. नात उजवीकडून आली की दचकायच्या, आम्हाला वाटायचं लूमच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत म्हणून. भिवंडीत सगळ्या गोष्टींचा दोष लूमवर टाकायची सवय असते. साप सोडून आम्ही भुई धोपटत बसलो.

मला खरी धडकी भरली ती वेगळ्या कारणाने. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या वडिलांचं असंच झालं होतं. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसले, आणि निघाला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूने गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूने गेलेली नाही. जेवढी उरलीय तेवढी वाचवायची, तीही वेळेत आलात तर. ते वेळेत गेले नव्हते. दोन्ही डोळे गेले. आता आमच्या घरी काय चाललंय, कोण सांगणार? आणि सासूबाईंना सरळ विचारलं तर त्या कबूल करणार नाहीत, हे मला लख्ख कळत होतं. ज्या बाईने एवढे शेवट रचले, ती माझ्यासमोर हात टेकेल होय?

मग मी माझ्याच डोळ्यांचं निमित्त केलं. ‘आई, कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, मला चष्मा लागलासं वाटतं. एकटी काय जाऊ? चला सोबतीला.’ त्या लगेच तयार झाल्या. शुक्रवारी सकाळी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही एसटीने निघालो. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि दुर्गाडीच्या पुलावर मला म्हणाल्या, ‘खाडीला आज पानी भरलंय.’ ओहोटी होती. सगळा चिखल उघडा पडला होता. मी ‘हो’ म्हटलं.

दवाखान्यात गर्दी होती. आमच्या आधी एक म्हातारबाबा होते, भिवंडीचेच, जन्मभर लूमवर राबलेले. ते आत तपासणीसाच्या समोर बसून तक्त्यावरची अक्षरं वाचत होते आणि त्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात होता. ‘क! ह! म! त! र!’ लूमवाल्याला हळू बोलता येतच नाही. बाहेरच्या बाकावर लोक हसत होते. सासूबाई हसल्या नाहीत. त्या मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या.

माझे डोळे तपासून झाले. ठणठणीत होते. मी म्हटलं, ‘आलोच आहोत तर आईंचेही बघा.’ सासूबाईंनी माझ्याकडे एकवार तोंड वळवलं, पण परक्या ठिकाणी तमाशा नको म्हणून खुर्चीत जाऊन बसल्या. तपासणीसाने उजवा डोळा झाकला. ‘वाचा, आजी.’ त्यांनी घडाघडा म्हटलं, क, ह, म, त, र. डावा झाकला. पुन्हा तेच, त्याच चालीवर, तेवढ्याच ठसक्यात. तो म्हणाला, ‘वा, आजी. या वयात फारच छान.’ आणि कागदावर लिहायला लागला.

मी शाळेतली बाई आहे. पाढा घोकलेला पोर आणि पाढा समजलेला पोर यांतला फरक मला पाठमोरीही कळतो. घोकलेल्याला मधूनच विचारायचं, बारा सक किती, की तो थांबतो. मला बोलायचं नव्हतं. खरंच सांगते, जीभ रेटत नव्हती. एका बाजूला त्यांचा मान, दुसऱ्या बाजूला त्यांचे डोळे, आणि दोन्ही एकदम वाचवता येण्यासारखे नव्हते. मी म्हटलं, ‘ओळीने नको, मधलं विचारा. बोट ठेवून विचारा.’

त्याने छडीचं टोक एका अक्षरावर ठेवलं. सासूबाई गप्प. दुसऱ्यावर ठेवलं. गप्प. छडी कुठे आहे तेच त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी मांडीवरचा पदर मुठीत धरला आणि हळू आवाजात एक अक्षर सांगून बघितलं, चुकीचं. त्या आयुष्यात एवढं हळू कधी बोललेल्या मला आठवत नाही.

आजवर मी शेकड्यांनी कादंबऱ्या वाचल्या असतील. गुप्तहेर सगळ्यांना गोळा करतो, बोट दाखवतो, ‘खुनी तुम्ही आहात,’ आणि पुस्तक संपतं. बोट दाखवणाऱ्याच्या पोटात त्या वेळी काय होतं, ते एकाही लेखकाने लिहिलेलं नाही. त्यांनी कधी आपल्या घरातल्या माणसाला पकडलेलं नसणार.

मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डोळ्यांतला दाब वाढला होता. काचबिंदूच. उजव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं, डाव्याची बाजूची नजर गेली होती, आणि जे मधे उरलं होतं त्याच्यावर मोतीबिंदूचा पडदा. ‘उजव्याचं माझ्या हातात काही नाही,’ ते म्हणाले. ‘डाव्याचं आहे. थेंब जन्मभर घालायचे, आणि ऑपरेशन करून घ्यायचं. अजून थांबला असतात तर हाही गेला असता.’ हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. डावा डोळा शेवटपर्यंत टिकला, भाकरी भाजण्यापुरता, नातीचं तोंड बघण्यापुरता. छापील अक्षर मात्र त्यांना पुन्हा कधी लागलं नाही.

परत येताना एसटीत त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. कोनगाव गेलं. मग खिडकीकडेच तोंड ठेवून त्यांनी विचारलं, ‘तुला कधी कळलं?’

मी फर्म्याचं सांगितलं. छुंदा, गोड लोणचं, मुरांबा. त्या ऐकत राहिल्या.

‘मंग त्यात खुनी खरा कोन होता?’

‘सावत्र भाऊ. आफ्रिकेतला.’

‘शी,’ त्या म्हणाल्या. ‘तो तर कधी जेवायलाच न्हवता बसला.’ मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली. हसता हसता त्या थांबल्या. ‘पयल्यांदा भिंगानं दोन पानं कळायची, मंग एक. मंग कायच कळंना. म्हटलं, सांगितलं तर तू वाचशील शेवटचं पन. मग माझ्याकडं काय ऱ्हायलं गो? नुसतं बसून ऐकायचं. पाव्हन्यासारखं.’

मी म्हटलं, ‘आई, तुमचे शेवट पुस्तकांपेक्षा चांगले होते.’ त्यांना ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. भिवंडीला उतरताना मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. दांडा चाचपत स्वतःच उतरल्या.

त्या संध्याकाळी लूम बंद होते. आमचे हे आले, भाऊजी आले. मला धास्ती होती ती ह्यांच्या प्रश्नाची, आणि त्यांनी चपला काढता काढता विचारलंच, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी पदर सारखा केला आणि मांडी घातली.

‘बसा,’ त्या म्हणाल्या. ‘सांगते.’

त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्यातली गर्दी, भिवंडीचा म्हातारा, त्याचं ओरडणं. ‘त्याची समदी अक्षरं मी बसल्या जागी पाठ केली. मला तिथं बसवलं, मी धडाधडा म्हनून दावली. तो मानूस म्हनाला, आजी, फारच छान. झालं होतं, संपलं होतं. कोनालाबी कळलं नसतं.’ त्या थांबल्या. शेवट सांगताना जिथे नेहमी थांबायच्या, तिथेच. आमचे हे पुढे सरकून बसले.

आता माझं नाव येणार. मी त्यांना चारचौघांत कसं पकडलं, ते येणार. आणि त्यांनी ते सांगितलं असतं तरी मला बोलायला जागा नव्हती.

‘मंग मला हिचा आवाज आला,’ त्या म्हणाल्या. ‘ही मागं उभी ऱ्हाऊन रडत होती. मुसमुसून. तिला ठाव होतं मला दिसत न्हाय ते, पन माझा मान ठेवाया बोलत न्हवती. म्हटलं, पोरीला किती रडवायचं? म्हनून मीच त्या मानसाला सांगितलं, बाबा, हे समदं ऐकून म्हटलंय. मला दिसत न्हाय. बोलव तुझ्या मोठ्या डॉक्टरला.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी माया होती, की मला मान खाली घालावी लागली. मी दवाखान्यात रडले नव्हते. मुसमुसले नव्हते, हुंदका दिला नव्हता. वर्गात बोलतात तशा आवाजात म्हटलं होतं, मधलं विचारा. पण सासूबाईंच्या शेवटातली मी तशी नव्हतीच, ती रडत होती, आणि आता मला असं रडू फुटलं, की पदर तोंडाला लावायलाही वेळ मिळाला नाही.

‘बघ,’ भाऊजी ह्यांना म्हणाले, ‘वहिनी अजून रडतायत.’